तिसऱ्या रांगेतला मिस्त्री

चौकच्या मिस्त्रीनं मला फसवलं. चांगली गाडी वाईट आहे असं सांगून त्यानं माझा जमलेला सौदा मोडला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. त्या रागाला आता दीड वर्ष झालं. पण आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्याच्याबद्दल काही बरं लिहिलं गेलं तर मी ते विसरलो असा तुमचा समज होणार नाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौकला तुमची गाडी कधी बंद पडली असेल तर तुम्ही त्याला पाहिलं असेल. ढाब्यांची ओळ संपते तिथं, टायरवाल्याच्या शेजारी, पत्र्याची शेड. अंगात निळा शर्ट. तो शर्ट त्याच्या जुन्या कंपनीचा. खिशावरचं कंपनीचं नाव त्यानं सुईनं उसवून काढलं होतं, पण तेवढी जागा न विटता गडद राहिली होती. त्यामुळं नाव नसूनही नाव आहे असं वाटायचं.

जुनी गाडी घेण्याआधी लोक त्याला दाखवायला न्यायचे. तिथं गेल्यावर तो एक गोष्ट करायचा. बॉनेट उघडायच्या आधी, टायरला हात लावायच्या आधी, चपला काढून बाहेर ठेवायचा, गाडीत शिरायचा आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसायचा. दार ओढून घ्यायचा. डोळे मिटायचा. पाच मिनिटं, कधी दहा. विकणारा बाहेर उभा राहून कावराबावरा व्हायचा. मग मिस्त्री दार उघडून घेणाऱ्याला विचारायचा, "मागं कोन बसनार?"

लोक हसायचे. पोरं बसतील की, म्हणायचे.

"कोनची पोरं? केवढी हायत?"

खालापूरचे एक वजनदार पुढारी होते. वजनदार म्हणजे दोन्ही अर्थांनी. त्यांना मिस्त्रीनं तिसऱ्या रांगेत बसून बघायला लावलं. ते शिरले. बाहेर काढायला दोन माणसं लागली, मधली सीट पूर्ण दुमडावी लागली. तरी गाडी त्यांनी घेतलीच. मागं कोण बसणार असं मिस्त्रीनं परत विचारलं तेव्हा ते घाम पुसत म्हणाले, "सासुरवाडीचे." मिस्त्री ही गोष्ट सांगताना स्वतः कधी हसायचा नाही. ऐकणारा हसून संपेपर्यंत थांबायचा.

पण त्याचं मागं बसणं नुसतं खूळ नव्हतं. नेरळच्या एका मास्तरांना गाडी घ्यायची होती. गाडी आरशासारखी पुसलेली, आत अत्तर मारलेलं. मिस्त्री मागं जाऊन बसला आणि त्यानं तिसऱ्या रांगेतला सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. "पान्यात बुडलेली हाय," तो म्हणाला. "पुढचे पट्टे बदललेत. मागचे कोन बघतो?" विकणारा गाडी घेऊन गेला. मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं. मिस्त्री म्हणाला, "च्या पाजा."

हे मागं बसायचं कुठून आलं, ते त्यानं मला एकदाच सांगितलं होतं. साजगावला घर, तिथल्याच एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. कंपनीची बस होती. कायम झालेले कामगार पुढं बसायचे, कंत्राटी मागं. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पुढच्या चार सीटा रिकाम्या असल्या तरी कंत्राटी माणूस तिथं बसायचा नाही. बारा वर्षं तो मागच्या चाकावरच्या सीटवर बसून गेला. "गाडीला काय दुखतंय ते मागं कळतं," असं म्हणाला आणि पान्याला तेल लावायला लागला. नंतर कंपनीनं कंत्राटी माणसं कमी केली, तेव्हा त्यानं चौकला शेड टाकली.

मी पोशीरचा. थोडी भाताची जमीन, बाकी सगळं माझ्या हातानं उभं केलेलं. बाविसाव्या वर्षी एक जुना टेंपो घेऊन विटा वाहायला लागलो. आज तीन टेंपो आहेत, बांधकामाचं सामान पुरवतो. सौदा करण्यात तालुक्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी नाही, माझ्यावर चिडलेले लोक सांगतात. आणि माझा आवाज मोठा आहे. टेंपो एक दिवस जास्त अडकला तरी मी शेडमध्ये जाऊन रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर ऐकू जाईल असा बोलायचो. मिस्त्री फडक्यानं हात पुसत उभा राहायचा. एकेक बोट पुसायचा. माझं संपलं की विचारायचा, "झालं? आता च्या घेऊ." दहा वर्षं हे असं चाललं. दहा वर्षांत त्यानं माझ्या टेंपोत एकही पार्ट खोटा घातला नाही. मी तपासलं आहे.

सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात मोठ्या गाडीचा विषय निघाला. तोवर आमचं जाणं-येणं म्हणजे मुलाची मोटरसायकल आणि माझा टेंपो. हळदीला, लग्नाला, देवाला आम्ही दोन खेपांत जायचो आणि दुसरी खेप पोचेपर्यंत पहिल्या खेपेतले जेवून मोकळे व्हायचे. आई ऐंशीच्या पुढं. तिला टेंपोच्या केबिनमध्ये चढवायला मला खालून आणि मुलाला वरून धरावं लागायचं. मी ठरवलं, सात सीटची गाडी घ्यायची. बाळ यायच्या आत घ्यायची.

पनवेलच्या शोरूममध्ये जाऊन आलो. टाय लावलेल्या पोरानं गार पाणी दिलं आणि कागदावर आकडा लिहून दिला. मी त्याच्या अर्धा आकडा सांगितला. तो म्हणाला, "काका, इथं भाव होत नाही." जिथं भाव होत नाही तिथं मी काय घेणार? मुलाला छपरात काच असलेली गाडी हवी होती. नातू त्यातून डोकं बाहेर काढणार होता. बायकोला पांढरा रंग हवा होता. आई म्हणाली, "पायरी खाली असंल ती घे रं." मी जुनी घ्यायची ठरवलं आणि मिस्त्रीला घरी बोलावून, घरच्यांसमोरच सांगितलं, गाडी शोध.

त्यानं विचारलं, "कोन कोन बसनार?"

मी बोटं मोजली. मी, बायको, आई, मुलगा, सून, नातू. आणि सुनेच्या पोटातलं सातवं. सात सीट, सात माणसं. मला बरं वाटलं ते. इतकं बरोबर बसलेलं गणित माझ्या आयुष्यात थोडंच आलं आहे.

"अजून कोन?"

"एवढेच."

आता इथं सांगायला हवं. आमच्या घरात ताई पण आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं, ती पोशीरला परत आली ती आजवर. मी पहिला टेंपो घेतला तेव्हा हमाल ठेवायची ऐपत नव्हती. भट्टीवर विटा भरायला आणि उतरवायला ताई माझ्याबरोबर असायची. केबिनमध्ये मी एकटा, ती मागं हौद्यात विटांवर बसून यायची. नंतर हमाल आले, ताई घरी राहिली. आमच्याकडं दोन म्हशी आहेत, आणि घर कधी मोकळं सोडायचं नाही अशी आमची रीत. सगळे बाहेर निघाले की कुणीतरी घर राखायला थांबतं. कुणीतरी म्हणजे ताई. तिला कुणी थांब म्हणत नव्हतं. आम्ही तयार व्हायला लागलो की ती भांडी घासायला बसायची. म्हणून गाडीतली माणसं मोजताना ती मोजण्यात आली नाही. मुद्दाम वगळली असं नाही. मोजण्यात आली नाही.

मिस्त्री गाड्या दाखवायला लागला. कशेळ्याला एक, खोपोलीला दोन. प्रत्येक ठिकाणी मागं बसायचा, आणि उतरताना मला परत तेच, "अजून कोन, शेठ?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी भडकलो. म्हणालो, बाबा, माझं घर मला माहीत आहे, तू गाडी बघ. त्यानं बोटं पुसली.

मग ती चांदीच्या रंगाची गाडी आली. कर्जतजवळ फार्महाऊसवाले एक निवृत्त साहेब होते, मुंबईचे. गाडी त्यांची, कमी चाललेली. मधल्या रांगेत बाकड्याऐवजी दोन वेगळ्या खुर्च्या, हाताला टेकू असलेल्या. मी त्यातल्या एकीत बसलो. तीस वर्षं टेंपोच्या सीटवर बसून माझी कंबर गेली आहे. त्या खुर्चीत ती पहिल्यांदा गप्प बसली. अर्थात मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. काचेवर ओरखडा आहे म्हणालो. रंग उन्हानं उडालाय म्हणालो. तीनदा उठून फाटकापर्यंत गेलो, तीनदा साहेबांनी बोलावलं. दोन तास लागले. शेवटी मी म्हणत होतो त्या आकड्यावर साहेब आले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा होता. मी हे आजही म्हणतो.

मिस्त्री एवढा वेळ मागच्या सीटवर बसून होता. त्या दिवशी पाव तासाच्या वर बसला असेल. मग उतरला, चपला घातल्या, इंजिन चालू केलं, तेलाची पट्टी काढून बघितली, सायलेन्सरच्या धुरापुढं हात धरला, हात हुंगला. आणि मला फाटकापाशी नेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, ही नको. इंजिन तेल खातंय. वरीसभरात उघडावं लागंल."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. दहा वर्षांत हा माणूस खोटं बोलला नव्हता. मी परत आत गेलो आणि साहेबांना नको म्हणालो. कारण सांगता येईना. साहेब म्हणाले, "तुम्ही लोक वेळ घालवायला येता." असं मला कुणी बोलून गेलेलं नाही. मी ते गिळलं. मिस्त्रीच्या शब्दावर गिळलं.

आठवडाभरात त्यानं दुसरी आणली. साजगावच्या कुणा अधिकाऱ्याची, दोन वर्षांनी जास्त जुनी, विटेच्या रंगाची. मध्ये खुर्च्या नाहीत, लांबलचक बाकडं. सीट आठ. मी म्हणालो, "बाकड्यावर बसायला मी शाळेत चाललोय काय? आणि आठ कशाला? सात सांगितले होते."

"सात तर सात. आठवी मोकळी ठेवा," तो म्हणाला. "पन इंजिन खणखणीत हाय. पायरी पन खाली हाय, आईंना बरं पडंल."

सुनेचे दिवस भरत आले होते. मी घासाघीस केली, पण जीव नव्हता तिच्यात. घेतली. मिस्त्रीला त्याची दलाली द्यायला गेलो तर नको म्हणाला. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जो माणूस घ्यायचे पैसे घेत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं.

गाडी पोशीरला त्यानंच आणून दिली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. ताईनं गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. देवळापर्यंत एक फेरी मारून यायचं ठरलं. मुलगा चालवायला, मी त्याच्या शेजारी, मधल्या बाकड्यावर आई, सून आणि नातू. बायको मागं चढली. ताई ताट घेऊन उंबऱ्याकडं वळली.

मिस्त्रीनं मागचं दार धरून ठेवलं होतं. म्हणाला, "ताय, जरा आत बसता का? मागून कायतरी वाजतंय, ते कुनीतरी बसून ऐकाया हवं."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मला घाई होती. मी म्हणालो, बस बस, लवकर बस. ती हातातलं ताट तसंच घेऊन चढली.

आम्ही देवळापर्यंत जाऊन आलो. तेवढा वेळ घर राखायला मिस्त्री आमच्या ओट्यावर बसला होता. गाडी थांबल्यावर त्यानं ताईला विचारलं, "वाजतंय का?"

"नाय, काय वाजत नाय," ताई म्हणाली. ताटातलं निरांजन विझलं होतं, ती ते उगीच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मागून पन दिसतं समदं."

महिन्याभरानं नात झाली. बारशाला सुनेच्या माहेरी, कळंबला जायचं होतं. आम्ही तयार होऊन गाडीत बसलो. ताई दारात उभी. या वेळी ती भांडी घासायला बसली नव्हती. मुलाला हसत म्हणाली, "आज पन आवाज ऐकाया मानूस लागंल काय रं?" मग आई म्हणाली, "आठवी सीट रिकामीच हाय. ये गं." घराचं काय, असं बायकोनं विचारलं. मुलगा उतरला, कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि कुलूप घेऊन आला. पाच मिनिटं लागली. तीस वर्षं आमच्या घराला कुलूप नव्हतं आणि ते पाच मिनिटांच्या अंतरावर मिळत होतं. म्हशींचं शेजारणीला सांगितलं, ती हो म्हणाली. तिलाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून ताई येते. लग्नाला येते, बाजाराला येते. मागं खिडकीशी बसते.

आता फसवणुकीकडं येतो. गाडी घेऊन वर्ष झालं असेल. चौकच्या पंपावर टेंपोत डिझेल भरत होतो. शेजारी ती चांदीच्या रंगाची गाडी येऊन उभी राहिली. सौदा केलेल्या गाडीचा नंबर मी विसरत नाही. खोपोलीचा एक जण ती पर्यटकांना भाड्यानं चालवत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इंजिन कधी उघडलं? तो म्हणाला, "उघडायचं कशाला? रोज घाट चढतेय. तेलाचा थेंब खात नाय."

पंपापासून शेड पाच मिनिटांवर. त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. टायरवाल्यानं ऐकण्यासाठी हवेचं मशीन बंद केलं. मिस्त्री एका गाडीखालून बाहेर आला, फडकं घेतलं, बोटं पुसायला लागला. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "झालं?"

"नाय झालं. त्या विटकरी गाडीवाल्याकडून किती खाल्लेस ते सांग."

त्याचा हात थांबला. दहा वर्षांत त्याचा पुसणारा हात थांबलेला मी पहिल्यांदा बघितला.

"त्या साहेबांचं इंजिन चांगलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"सीटा सात होत्या."

मला कळलं नाही. तो एका टायरवर बसला आणि त्यानं मला एक आठवण करून दिली. गाड्या बघणं चालू होतं तेव्हाच एकदा माझा टेंपो घरासमोर बंद पडला होता आणि तो स्टार्टर बसवायला पोशीरला आला होता. मी घरी नव्हतो. ताईनं त्याला चहा दिला.

"तायनी मला इचारलं, भाऊ गाडी घेतोय ती किती मानसांची? मी म्हनलो, सात. ताय बोटं मोजाया लागली. पयले तुमी, मग आई, मग बाकीचे. सुनंच्या पोटातलं पन मोजलं. सात झाली. मग म्हनली, बरोबर हाय." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "एवढंच. कप घेऊन आत गेली."

रस्त्यावरून ट्रक जात होते. टायरवाला अजून मशीन चालू करत नव्हता.

मी म्हणालो, "मग हे मला तोंडावर सांगायचं. खोटं कशाला बोललास?"

"तीनदा इचारलं, शेठ. अजून कोन, अजून कोन."

"विचारणं वेगळं. सांगणं वेगळं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुमी?"

माझ्याकडं उत्तर नसलं की माझा आवाज वाढतो. मी त्याला म्हणालो, माझ्या घरात कोण कुठं बसतं ते ठरवायला मी गॅरेजवाला ठेवलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही टेंपो कर्जतच्या एका गॅरेजला लावले. तो माणूस कामाला वाईट आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं, पण मी परत गेलो नाही. घरी कुणाला कारण सांगितलं नाही. आठ महिने चौकवरून जाताना मी डाव्या हाताला बघत नव्हतो.

आठ महिन्यांनी टायरवाल्याचा फोन आला. मिस्त्री गेला. कावीळ झाली होती, अंगावर काढली.

आम्ही समाचाराला साजगावला गेलो. सुनेला आणि पोरांना घरी ठेवलं. गाडीत पाचच माणसं, मी, बायको, आई, मुलगा, ताई. मिस्त्रीच्या बायकोनं आम्हाला आत बसवलं. भिंतीला खिळ्यावर तो निळा शर्ट धुऊन लावलेला होता. ती म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचे. म्हनायचे, शेठ रागावलेत, पन कर्जतवाल्याच्यान टेंपो नाय सुधारायचा. येतील." मी मान खाली घातली. एक टेंपो त्या दिवशीही कर्जतला बंदच होता. ताईनं तिचा हात धरला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

परत निघालो. मुलगा चालवायला बसला, आई आणि बायको मधल्या बाकड्यावर. तिथं तिसऱ्या माणसाची जागा मोकळी होती. ताई दोघींना ओलांडून मागं गेली आणि तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. मी पुढचं दार उघडलं होतं. ते परत लावलं. मागं गेलो, चपला काढल्या, तिच्या शेजारी जाऊन बसलो.

त्या सीटवर मी गाडी घेतल्यापासून एकदाही बसलो नव्हतो. गुडघे छातीशी येतात. प्रत्येक खड्डा आधी कंबरेत बसतो. पुढच्यांच्या फक्त माना दिसतात. पुढं काहीतरी बोलणं चाललं होतं, त्यातलं निम्मं मागं ऐकू येत नव्हतं. पळसदरी गेलं, कर्जत गेलं. एकदाही कुणी मागं वळून बघितलं नाही. त्यांचं काही चुकलं असं नाही, मीही कधी बघितलं नव्हतं.

ताई म्हणाली, "पुढं जाऊन बस रं भाऊ. तुला सवय नाय."

मी डोळे मिटून घेतले. दमलो होतो.

मिस्त्री माझ्याशी खोटं बोलला. ते मी त्याला माफ केलेलं नाही. जिवंत असता तर अजूनही शेडसमोर उभा राहून विचारलं असतं, आणि त्यानं बोटं पुसली असती. पण तो एक खोटं बोलला आणि त्याचा जाब मी त्याला भर रस्त्यात विचारून घेतला. आम्ही कुणीच खोटं बोललो नव्हतो. मी सात मोजले तेव्हा आई तिथं होती, बायको होती, मुलगा होता, सून होती. जन्माला न आलेलं पोर आम्ही मोजलं. आणि एकानंही म्हटलं नाही की आठ. शेवटी ताईनं स्वतः मोजलं आणि तिचंही सातच आलं.

याचा जाब मला हवा आहे. पहिला मी देतो, माझं नाव वर लिहा. पण माझ्या एकट्याच्या नावावर हे मिटणार नाही. त्या घरात जेवणाऱ्या प्रत्येकानं मला सांगावं, तीस वर्षं दारात ती उभी असताना तुम्ही काय मोजत होतात?